चीज-बटाटा आणि मिठाचा हिशेब

आरोग्याच्या सदरात पाककृती कशाला, असे काही वाचकांना वाटेल. त्यातून बटाटा, कांदा आणि चीज यांचे थर लावून भाजलेला पदार्थ म्हणजे नाव ऐकताच डॉक्टरने कपाळाला आठ्या घालाव्यात असा. इतकी वर्षे मीही घालत आलो. पण गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्याच घरात जे घडले, त्यानंतर या पदार्थाबद्दलचे माझे मत बदलले आणि स्वतःबद्दलचेही थोडे बदलले.

मुलगी शिकायला पुण्यात असते. सुट्टीला आली की तिला नवे काहीतरी करायचे असते. माळ्यावरचा गोल अॅल्युमिनियमचा, काचेच्या झाकणाचा जुना ओव्हन तिने काढला. आपल्यापैकी पुष्कळांकडे तो असेल. एके काळी त्यात नानकटाई आणि केक होत असे आणि आता त्यात रिकामे डबे ठेवलेले असतात. पाऊण किलो बटाट्यांच्या चकत्या, तीन-चार कांदे, अर्धा लिटर दुधात मैदा आणि लोणी घालून केलेला पांढरा सॉस, वर दोनशे ग्रॅम चीज किसून. वरून लालसर, आत मऊ. रविवारी रात्री सगळ्यांनी बोटे चाटून खाल्ले.

सर्वांत खूश होती माझी आई. तिचे वय एकोणऐंशी, तोंडात मोजके दात. भाकरी कुस्करून खायची, भाजी घोटून खायची, असे तिचे दिवस चाललेले. हा पदार्थ जिभेवर विरघळतो. तिने दोनदा मागून घेतला, सोमवारी सकाळी उरलेला खाल्ला आणि नातीकडून मंगळवारी पुन्हा करवून घेतला. कित्येक महिन्यांनी ती पोटभर जेवताना दिसली म्हणून मला बरेच वाटले.

आईचे हृदय कमकुवत आहे. शरीरात पाणी साठू नये म्हणून तिला रोज गोळी चालू असते. बुधवारी रात्री दोन वाजता तिने हाक मारली. आडवे झाले की दम लागत होता. पाय सुजलेले, नडगीवर बोट दाबले तर खळगा राहत होता. वजन चार दिवसांत अडीच किलोने वाढले होते. घरीच इंजेक्शन दिले आणि पहाटे तिला एका डॉक्टरमित्राच्या दवाखान्यात हलवले. तिथे ती तीन दिवस होती.

मित्राने नेहमीचे प्रश्न विचारले. पापड खाल्ला? लोणचे? दिवाळीचा चिवडा? मी जवळजवळ रागानेच म्हणालो, "माझ्या घरात तिच्या ताटात यातलं काही येत नाही." दाराशी उभी असलेली मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, चीज?"

घरी येऊन फ्रीजमधले पाकीट चष्मा लावून वाचले. शंभर ग्रॅममागे सोडियम सुमारे १४०० मिलिग्रॅम. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणले की मीठ निघते. म्हणजे दोनशे ग्रॅम चीजमध्येच सात ग्रॅम मीठ. त्यात खारे लोणी, शिवाय सवयीने घातलेले चमचाभर मीठ. एकूण चौदा ग्रॅमच्या आसपास. पाच माणसांत वाटले तर प्रत्येकी जवळजवळ तीन ग्रॅम आणि आईने तर दोन वाटण्या खाल्ल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते धडधाकट प्रौढ माणसाने दिवसभरात सगळे मिळून पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. माझ्या आईने ते एका पदार्थातून, एका बसणीत ओलांडले. वरण-भाजीतले मीठ वेगळेच.

आपल्याकडे मिळणारे चौकोनी तुकड्यांचे चीज हे प्रक्रिया केलेले असते. मूळ चीज वितळवताना त्यातले तूप आणि पाणी वेगळे होऊ नये म्हणून सायट्रेट, फॉस्फेट असे सोडियमचे क्षार घालतात. मीठ असते ते वेगळे. म्हणून जिभेला फारसे खारट लागले नाही तरी सोडियम पोटात जातेच. पापड खारट लागतो, माणूस सावध होतो. चीज सौम्य लागते, ही त्यातली मेख आहे.

आता माझी चूक सांगतो. दवाखान्यातून आल्यावर मी मुलीवर चिडलो. हा पदार्थ पुन्हा या घरात होणार नाही, असे बजावले. ती रडली. तेव्हा आई पलंगावरून म्हणाली, "तिला कशाला बोलतोस रे? तू पेशंटला जी यादी देतोस, त्यात चीज आहे का?"

नव्हते. रक्तदाबाच्या आणि हृदयरोगाच्या रुग्णांना मी वर्षानुवर्षे एक छापील कागद देत आलो आहे. पापड, लोणचे, फरसाण, खारे दाणे, सुके मासे वर्ज्य. त्यात चीज, पाव, नूडल्सचा मसाला, सॉस यांपैकी काहीही नाही. कागद तयार केला तेव्हा आमच्या जिल्ह्यात चीज क्वचित दिसे. आता ते कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानातही आहे आणि सँडविचच्या गाडीवरही. स्वयंपाकघरे बदलली, माझा कागद तोच राहिला. चीज म्हणजे दूधच की, असे मीही मनात धरून बसलो होतो.

म्हणून माझे आजचे मत असे की हा पदार्थ बंद करण्याचे कारण नाही. तो घरीच करावा, पण मोजून करावा आणि जेवणाच्या जागी खावा, जेवणाच्या जोडीला नव्हे. इंग्लंडच्या ईशान्य टोकाला नॉर्थम्बरलंड म्हणून परगणा आहे. तिथे बटाटा, कांदा आणि चीज यांचा असाच एक जुना पदार्थ 'पॅन हॅगर्टी' नावाने प्रसिद्ध आहे. थंडीचा मुलूख, कोळशाच्या खाणींचा भाग. त्यांच्याकडे तो साधा, पोटभरीचा पदार्थ समजला जातो. आपण मात्र तो पोळी, भाजी, वरण, भाताच्या शेजारी 'काहीतरी वेगळे' म्हणून वाढतो. आमच्या मुलीच्या मूळ कृतीचा मी हिशेब केला तेव्हा एका वाटणीला सव्वाचारशेच्या घरात कॅलरी निघाल्या. चार पोळ्या झाल्या या! त्यावर पुन्हा दोन पोळ्या आणि भात खाल्ला तर दोष बटाट्याचा कसा?

बटाट्याची मला खरोखर कणव येते. पोर्तुगीजांबरोबर तो आपल्या किनाऱ्यावर आला आणि नावही त्यांच्याच भाषेतले घेऊन आला. शंभर ग्रॅम बटाट्यात ऐंशीच्या आत कॅलरी, भरपूर पोटॅशियम, बऱ्यापैकी क जीवनसत्त्व. तळला, लोण्यात बुडवला, मिठात घोळवला की तो बदनाम होतो. मधुमेहींनी तो बेताने खावा हे खरेच. पण दूध-पनीर आणि काकडी-टोमॅटोबरोबर खाल्ला तर साखर नुसत्या उकडलेल्या बटाट्यापेक्षा सावकाश चढते. ज्यांची मूत्रपिंडे कमजोर आहेत त्यांनी मात्र हा पदार्थ आपल्या डॉक्टरांना विचारूनच खावा. बटाट्यातले पोटॅशियम त्यांना झेपेलच असे नाही.

आता आमच्याकडे तो असा होतो. पाऊण किलो बटाटे सोलून पातळ चकत्या करायच्या, भरपूर पाण्यात पाच-सहा मिनिटे उकळून ते पाणी ओतून द्यायचे. चकत्या मोडता कामा नयेत. चार कांदे उभे चिरून दोन चमचे तेलात मंद आचेवर वीस मिनिटे परतायचे. इथे घाई करू नये. कांदा तांबूस होऊन गोडसर झाला की मिठाची उणीव पुष्कळशी तोच भरून काढतो. दीड कप दुधात मैद्याऐवजी दोन चमचे ज्वारीचे पीठ कालवून, ढवळत दाटसर करायचे. त्यात ठेचलेला लसूण, मिरपूड आणि चिमूटभर जायफळ. बटाटा, कांदा, घरी फाडलेल्या दुधाचे कुस्करलेले पनीर असे थर, त्यावर हे दूध. चीज फक्त सर्वांत वर, पंचवीस ग्रॅमचे तीन तुकडे किसून. जिभेला आधी लागते ते वरचेच, मग आत दडवायचे कशाला? मीठ मुळीच नाही. ओव्हनला अंश दाखवणारी सोय असेल तर १८० अंशांवर चाळीस मिनिटे. आमच्या जुन्या ओव्हनला तशी काही सोय नाही, तिथे वास आणि रंग हेच घड्याळ. सोनेरी झाले की काढावे. पिठूळ पदार्थ फार करपवले तर अॅक्रिलामाइड नावाचे नको ते द्रव्य वाढते, हे २००२ पासून माहीत झाले आहे. त्याच कारणाने भाजायचे बटाटे फ्रीजमध्ये ठेवू नयेत; थंडीत त्यांच्यातली साखर वाढते. हिरवट झालेले किंवा फार कोंब फुटलेले बटाटे टाकून द्यावेत.

या कृतीत एका वाटणीला चीजमधून येणारे मीठ अर्ध्या ग्रॅमच्या आसपास बसते. तीन ग्रॅमवरून अर्ध्यावर.

हे वाचून कुणीतरी विचारणारच, "डॉक्टर, सैंधव घातलं तर?" सैंधव हेही मीठच आहे. उपासाला चालते म्हणून हृदयाला चालते असे नाही. दुसरा धोका त्याहून मोठा. हल्ली 'कमी सोडियमचे मीठ' मिळते. त्यात सोडियमच्या जागी बराचसा पोटॅशियम क्लोराइड असतो. निरोगी माणसाला त्याचा फायदा होऊ शकतो. पण मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांच्या आणि रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांच्या रक्तात पोटॅशियम धोक्याच्या पातळीपर्यंत चढू शकते. माझ्या आईला अशीच एक गोळी चालू आहे. तेव्हा परस्पर प्रयोग नकोत.

आणि चीज घेताना पाकीट उलटून बघा. 'चीज अॅनालॉग' असे लिहिलेले असेल तर त्यात दुधाच्या स्निग्धांशाऐवजी बहुधा वनस्पती तेल असते. मोबाइलवरच्या चित्रफितींत दोऱ्यासारखे ताणून दाखवतात ते कुठले, हे खाणाऱ्याला कळत नाही. घरी केले तर निदान हे तरी आपल्या हातात राहते.

माझा छापील कागद मी बदलला आहे. त्यात आता चीज आहे, पण 'बंद' या शब्दापुढे नाही. 'पाकिटावरचे सोडियम वाचा, आणि मला दाखवा' असे लिहिले आहे. घरात न्हाणीघराबाहेर वजनकाटा ठेवला आहे. आई रोज सकाळी त्यावर उभी राहते आणि आकडा नातीला फोनवर सांगते. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर मला लगेच उठवायचे, हे ठरलेले आहे.

परवाच्या रविवारी मुलगी आली होती. नव्या कृतीने केलेला पदार्थ, शेजारी काकडीची बिनमिठाची कोशिंबीर, पोळी-भात काही नाही. आईने पहिला घास घेतला, सावकाश चघळला आणि म्हणाली, "अळणी आहे ग. लोणच्याचा खार आण जरा."

मुलीने माझ्याकडे बघितले आणि आजीच्या ताटात लिंबाची फोड ठेवली.