आगीचा बंब आणि रद्दीचा काटा

आमच्या या सदराच्या जुन्या वाचकांना एक गोष्ट चांगली ठाऊक आहे. दर दिवाळीला मी कुठल्या ना कुठल्या जुन्या पोथीबद्दल लिहितो, आणि दर दिवाळीला संपादक 'पुढच्या वर्षी जरा हलकेफुलके काही द्या' अशी सौम्य सूचना करतात. यंदा मी त्यांचे ऐकले आहे. यंदा मी चित्रपटाबद्दल लिहिणार आहे. तोही इंग्रजी, तोही वैज्ञानिक कल्पनेवरचा आणि तोही १९६६ सालचा. त्यात उडत्या तबकड्या नाहीत की मंगळावरची माणसे नाहीत. आहेत ती पुस्तके, आणि ती जाळायला निघालेला आगीचा लालभडक बंब.

चित्रपटाचे नाव 'फॅरनहाइट ४५१'. अमेरिकन लेखक रे ब्रॅडबरी यांची याच नावाची कादंबरी १९५३ साली प्रसिद्ध झाली, आणि तिच्यावरून फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांनी हा चित्रपट इंग्लंडमध्ये तयार केला. नावातला आकडा तापमानाचा आहे. इतक्या तापमानाला कागद आपोआप पेट घेतो, असे ब्रॅडबरींनी धरले होते. आपल्या सेल्सिअसच्या हिशेबाने ते साधारण २३३ अंश होतात.

मी हा चित्रपट प्रथम पाहिला तो बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला, एका फिल्म सोसायटीच्या डुगडुगत्या खुर्चीवर बसून. त्यानंतर किती वेळा पाहिला याचा हिशेब आमची सौ. ठेवते. तिच्या मते अकरा वेळा. "एवढ्या वेळा तुम्ही माझ्या माहेरीसुद्धा गेला नाहीत," असे ती म्हणते, आणि ते खरे आहे.

बाराव्या वेळेला मात्र तसेच कारण घडले. आमची इमारत पुनर्विकासाला गेली. तीन वर्षे भाड्याच्या दोन खोल्यांत काढायची होती. सामान बांधता बांधता पुस्तकांची खोकी भरली ती बावीस. सौ.ने नव्या खोल्यांची मापे घेतली, खोक्यांकडे पाहिले आणि निकाल दिला, "आठ येतील. बाकीच्यांचं काय ते तुम्ही ठरवा. रविवारी सकाळी रद्दीवाला यायचाय." शनिवारी रात्री मी ठरवायला बसलो. दोन तासांत एकही पुस्तक बाजूला निघेना. तेव्हा हताश होऊन मी लॅपटॉप उघडला आणि हा चित्रपट लावला. नववीतली कन्या शेजारी येऊन बसली.

कथा थोडक्यात अशी. भविष्यकाळातल्या एका नगरात घरे आगीला दाद न देणारी आहेत. बंबवाल्यांना विझवण्याजोगे काही उरलेले नाही. म्हणून त्यांना काम दिले आहे ते लोकांच्या घरांत दडवलेली पुस्तके शोधून जाळण्याचे. मोंटॅग हा त्यांतला एक कर्तव्यदक्ष नोकर. बढती तोंडावर आलेली. दिव्याच्या आत लपवलेले 'डॉन किहोते' शोधून काढण्यात तरबेज. त्याला क्लॅरिस नावाची एक तरुणी भेटते आणि सहज विचारते, तुम्ही जाळता ती पुस्तके कधी वाचता का हो? झाले! माणसाला बिघडवायला तेवढा प्रश्न पुरतो. एका रात्री बायको झोपल्यावर मोंटॅग चोरून आणलेले एक पुस्तक उघडतो.

वाचकहो, या प्रसंगासाठी मी हा चित्रपट आणखी बारा वेळा पाहीन. पुस्तक आहे डिकन्सचे 'डेव्हिड कॉपरफील्ड'. पण पुस्तक कसे वाचायचे हेच मोंटॅगला माहीत नाही. म्हणून तो शीर्षकाच्या पानापासून, प्रकाशकाच्या पत्त्यासकट, प्रत्येक शब्दाखाली बोट धरून अडखळत वाचतो. आमची कन्या प्रथम फिसकन हसली. मग तिचे हसू थांबले. मोठा, मिशा फुटून जुना झालेला माणूस पहिलीतल्या पोरासारखा वाचतो आहे, यात हसण्यासारखे फारसे काही नाही हे तिच्या ध्यानात आले असावे.

आता आमच्या कॉलेजातल्या एका इंग्रजीच्या प्राध्यापकांची गोष्ट सांगतो. चहाच्या टेबलावर गेली बारा वर्षे आमचा याच विषयावर वाद चालू आहे. त्यांचा सिद्धान्त असा की, पुस्तक ते पुस्तक. त्यावरचा चित्रपट म्हणजे उसाचा रस काढून झाल्यावर उरलेले चिपाड. मी म्हणतो, इतर चित्रपटांचे तसे असेल, याचे नाही. हा चित्रपट सुरू होताना पडद्यावर श्रेयनामावलीचे एकही अक्षर उमटत नाही. छपरांवरच्या दूरचित्रवाणीच्या ॲन्टेना एकामागून एक दिसतात, आणि नावे कोणी तरी बोलून दाखवतो. पुढे मोंटॅग वर्तमानपत्र चाळतो, तर त्यात नुसती चित्रे. अक्षरांवाचूनचे जग सांगायला बिचाऱ्या कादंबरीला अक्षरेच वापरावी लागतात. चित्रपटाने ते जग दाखवून दिले. हे एक काम कादंबरीला कधीही साधणारे नव्हते.

प्राध्यापकमजकुरांची आरोपपत्रिका मात्र मोठी आहे. पहिला आरोप, कादंबरीतला आठ पायांचा यांत्रिक कुत्रा चित्रपटातून गायब आहे. मी म्हणतो, बरे झाले. चित्रपटातली भीती कुत्र्याची नाहीच. टापटिपीची घरे, सभ्य शेजारी, आणि एक दिवस नवऱ्याविरुद्ध बंबखान्याच्या पेटीत मुकाट्याने माहिती टाकून येणारी बायको! याहून आठ पायांचा कुत्रा परवडला.

दुसरा आरोप क्लॅरिसचा. कादंबरीत ती लवकरच नाहीशी होते. मोटारीखाली सापडून मेली असे कानावर येते. त्रुफोंनी तिला शेवटपर्यंत जिवंत ठेवली. शिवाय ज्युली ख्रिस्ती या एकाच नटीला मोंटॅगची बायको आणि क्लॅरिस अशी दोन्ही कामे दिली. बायकोचे केस लांब, क्लॅरिसचे आखूड. (यावर सौ.चा शेरा : "म्हणजे वाचणारी आणि न वाचणारी यांत फरक काय तो केसांचा!") पण मूळ लेखकाला काय वाटले? पुढे ब्रॅडबरींनी स्वतःच या कादंबरीचे नाटक केले, तेव्हा त्यांनीही क्लॅरिसला वाचवले, आणि त्याचे श्रेय त्रुफोंना दिले. लेखकच जिथे दिग्दर्शकाची दुरुस्ती मान्य करतो, तिथे आमच्या प्राध्यापकांची तक्रार कोण ऐकणार?

तिसरा आरोप मला खरोखर लागतो. कादंबरीत फेबर नावाचे एक म्हातारे गृहस्थ आहेत. साहित्याचे निवृत्त प्राध्यापक. विद्यार्थीच येईनासे झाले म्हणून शेवटचे महाविद्यालय बंद पडले आणि हे रस्त्यावर आले. त्रुफोंनी या पात्राला पूर्ण गाळले! म्हणजे अख्ख्या कथेत आमच्या जातीचा एक माणूस होता, त्याचेही नाव कापले. भक्त असलो तरी एवढा अपमान मी गिळलेला नाही.

भक्त म्हणून आणखीही काही कबूल केले पाहिजे. मोंटॅगच्या शोधात हवेतून उडत येणारी माणसे तारांना टांगलेली आहेत हे शेंबडे पोरही ओळखील. ऑस्कर वेर्नर या नटाचा मोंटॅग जागोजाग लाकडासारखा वाटतो. चित्रण संपेपर्यंत त्याचे आणि दिग्दर्शकाचे बिनसलेले होते. त्रुफोंना इंग्रजी जेमतेम येत होते, आणि हा त्यांचा इंग्रजीतला एकुलता एक चित्रपट. २०१८ साली अमेरिकेत याच कादंबरीवर पुन्हा चित्रपट निघाला. त्यातल्या आगी मोठ्या आहेत. पण शब्दाखाली बोट धरणारा तो माणूस मला तिथे भेटला नाही.

असो. त्या शनिवारी रात्री चित्रपट पाहताना मला कादंबरीतली एक गोष्ट राहून राहून आठवत होती. मोंटॅगचा वरिष्ठ त्याला समजावून सांगतो की, सुरुवात सरकारी हुकमाने झालेलीच नाही. आधी लोकांनी वाचणे सोडले. पुस्तकांची सारे निघाली, सारांचीही सारे निघाली, कोणाला बोचेल ते गळत गेले. जाळणे हे सर्वांत शेवटी आले. एवढे आठवून मी भिंतीशी रचलेल्या बावीस खोक्यांकडे पाहिले. आमच्या दारात बंब येणार नव्हता. हातगाडी येणार होती.

आणि फेबर आठवले. त्यांना सलते ते हे की, बोलता येत होते तेव्हा आपण बोललो नाही. मला माझे स्मरले. गेल्या जूनमध्ये प्रवेशाच्या दिवसांत एक मुलगा माझ्या टेबलापाशी आला होता. गुण चांगले होते, आवडही दिसत होती. मी त्याला विचारले, "अरे, पण मराठी घेऊन करणार काय?" काळजीपोटीच विचारले. तो थोडा वेळ उभा राहिला आणि वाणिज्य शाखेच्या रांगेत गेला. यंदा माझ्या वर्गात सात मुले आहेत. आठ असती.

चित्रपटाचा शेवट पाहिला की मात्र मनावरचे मळभ थोडे हटते. मोंटॅग नगरातून पळून रानात येतो. तिथे पुस्तक-माणसे राहतात. प्रत्येकाने एकेक पुस्तक मुखोद्गत केले आहे, आणि त्या पुस्तकाचे नाव हेच त्याचे नाव. दोघे जुळे भाऊ मिळून जेन ऑस्टिनचे एक पुस्तक आहेत. मरणपंथाला लागलेला एक म्हातारा स्टीव्हन्सनची कादंबरी एका लहान मुलाला म्हणायला शिकवतो आहे. मुलगा चुकतो, पुन्हा म्हणतो. कादंबरीत शेवटी अण्वस्त्रे पडून नगर क्षणात बेचिराख होते. चित्रपटात बाँब नाही. नुसता बर्फ पडतो आहे आणि माणसे आपापले पुस्तक पुटपुटत येरझारा घालताहेत. तो बर्फही ठरवून आणलेला नव्हता. चित्रणाच्या वेळी अचानक पडला, आणि त्रुफोंनी तो तसाच घेतला.

मराठीच्या मास्तराला इथे हिराइसा आठवल्यावाचून कशी राहील? महानुभावांची परंपरा सांगते की, म्हाइंभटांच्या 'लीळाचरित्रा'ची मूळ पोथी धाडीच्या धामधुमीत गेली. तेव्हा ज्यांच्या मुखी लीळा होत्या त्यांच्याकडून ग्रंथ पुन्हा उभा करावा लागला. त्यांत हिराइसेचा पाठ विशेष मानतात. ब्रॅडबरींच्या किती तरी शतके आधी आपल्याकडे एक बाई ग्रंथ होऊन बसली होती. मी हे कन्येला मोठ्या अभिमानाने सांगितले. तिने शांतपणे विचारले, "बाबा, मग तुम्ही कोणतं पुस्तक?"

मी ऐटीत 'लीळाचरित्र' म्हणालो आणि सुरुवात केली. तिसऱ्या वाक्याला अडलो. मग दुसरे पुस्तक धरले. मग तिसरे. वीस वर्षे शिकवतो आहे; टिपणे पाठ, प्रस्तावना पाठ, परीक्षेचे प्रश्न तर झोपेतही सांगेन. पण एक पुस्तक, नुसते एक, सलग येईना.

स्वयंपाकघरातून आवाज आला, "मी 'रुचिरा'. अनारशांपासून म्हणू, की चिरोट्यांपासून?" आणि कमलाबाई ओगल्यांच्या १९७० सालच्या त्या पुस्तकातली वाट्या-चमच्यांची मापे सौ.ने घडाघड सांगायला सुरुवात केली. तिच्या आईची ती प्रत केव्हाच पाने सुटून गेली आहे. घरात एकमेव पुस्तक-माणूस निघाले ते हे.

रविवारी काय झाले ते सांगून टाकतो. आठ खोकी आमच्याबरोबर आली. पाच गल्लीतल्या वाचनालयाने घेतली. नऊ रद्दीच्या काट्यावर चढली : एकशे चाळीस किलो. काट्याला लेखक कळत नाही. रद्दीवाल्याने मोजून दिलेले पैसे मी सौ.कडे दिले आणि बराच वेळ दाराशीच उभा राहिलो.

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी भाड्याच्या इमारतीच्या गच्चीवर 'लीळाचरित्रा'तली एकेक लीळा म्हणत फेऱ्या घालतो. दिवाळीपर्यंत अकरा झाल्या आहेत. कन्या पोथी हातात धरून कठड्यावर बसते आणि चुकलो की थांबवते. पहिल्या दिवशी मला थोडा संकोच वाटला, लोक काय म्हणतील? पण ब्रॅडबरींनी १९५३ सालीच मोंटॅगच्या बायकोच्या कानात शिंपल्याएवढी रेडिओची बोंडे बसवून ठेवली होती, ती आता सर्वांच्या कानांत आली आहेत. शेजारचे गृहस्थ परवा जिन्यात भेटले. आपुलकीने म्हणाले, "सर, रोज एवढा वेळ कोणाशी बोलता हो फोनवर?"