कर कोण ठरवतो?

कर जड झाला की लोक उठतात, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. इतिहास तिला फारशी साथ देत नाही. अमेरिकेतील वसाहतींचेच पाहा. १७७३ च्या चहा कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीचा चहा तिकडे उलट स्वस्त होणार होता. तरीही त्या वर्षी १६ डिसेंबरच्या रात्री बोस्टन बंदरात ३४२ पेट्या पाण्यात रिकाम्या झाल्या. पौंडामागे तीन पेन्सचा कर तेथील व्यापाऱ्याला झेपला असता. ज्या पार्लमेंटमध्ये आपला एकही माणूस नाही, तिने आपल्या खिशात हात घालावा, हे त्याला झेपणारे नव्हते.

हीच कंपनी सत्तर वर्षांनी आमच्या मुलखात काय करीत होती, हे मात्र शाळेत आम्हा कागलकरांना कोणी सांगितले नाही. बोस्टन पाठ, सामानगड कोरा!

कोल्हापूरच्या गादीवर तेव्हा अल्पवयीन राजा होता आणि कंपनीने दाजी कृष्ण पंडित यांना कारभारी नेमले होते. कागलच्या दक्षिणेला, गडहिंग्लज तालुक्यात सामानगड आहे. तेथले गडकरी पिढ्यान्‌पिढ्या किल्ला राखत आणि त्या चाकरीच्या बदल्यात जमिनी कसत. नव्या कारभारात या जमिनी मामलेदारांच्या हाती गेल्या. कागदावर ही महसुलाची सुधारणा होती आणि जुन्या व्यवस्थेत गोंधळ नव्हता असे मी म्हणणार नाही. पण गडकऱ्याला विचारले कोणी? जुलै १८४४ मध्ये त्यांनी सामानगडाचे दरवाजे लावून घेतले. पाठोपाठ भुदरगड उठला. खुद्द कोल्हापुरात दाजी पंडितांना कैद झाली आणि साताऱ्याचा रेसिडेंट ओव्हान्स पन्हाळ्यावर बंडवाल्यांच्या बंदीत पडला. ऑक्टोबरात सामानगड पडला, डिसेंबरच्या आरंभी पन्हाळा. यानंतरची गोष्ट अधिक बोलकी आहे. बंड मोडण्याचा खर्च कोल्हापूर संस्थानावरच टाकण्यात आला. म्हणजे मार खाल्ला त्यानेच काठीचे पैसे भरायचे.

आता कंपनी नाही, मतपेटी आहे. तरी कोल्हापूर शहराच्या टोलचा प्रश्न याच वळणावर गेला. शहरातले सुमारे ४९ किलोमीटरचे रस्ते खासगी कंपनीने बांधायचे आणि तीस वर्षे टोल घ्यायचा, असा करार झाला. नऊ नाके उभे राहिले. कागलहून दवाखान्यासाठी वा बाजारासाठी निघालेल्या गाडीच्या वाटेत शाहू नाका आला. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारखी माणसे रस्त्यावर उतरली ती पाच-पन्नास रुपयांसाठी नव्हे. करार लोकांसमोर न ठेवता झाला, हा त्यांचा मुद्दा होता. जानेवारी २०१४ मध्ये नाके जाळले गेले, ते मला पटले नाही. पण त्याआधीचे प्रचंड मोर्चे शांततेने निघाले होते, हेही विसरता येत नाही. डिसेंबर २०१५ मध्ये टोल रद्द झाल्याची घोषणा झाली. फेब्रुवारीत झालेल्या हल्ल्यात पानसरे आधीच गेले होते. आणि कंपनीची भरपाई? ती सरकारी तिजोरीतून, म्हणजे पुन्हा करदात्याकडूनच.

१८ जुलै २०२२ पासून पाकीटबंद, लेबल लावलेल्या गुळावर पाच टक्के जी.एस.टी. आहे. गुळाच्या सुट्या रव्यावर तो नाही. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे. ते ग्राहकाला दाखवायचे तर लेबल हवे आणि लेबल लावले की कर! हे ज्या जी.एस.टी. परिषदेत ठरते तेथे केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश, सर्व राज्यांचे मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश बहुमत लागते. म्हणजे केंद्र एकटे निर्णय अडवू शकते, महाराष्ट्र एकटा नाही. प्रतिनिधी नाही असे बोस्टनवाल्यांसारखे आपल्याला म्हणता येणार नाही. पण गुऱ्हाळवाल्याने आमदार निवडायचा, आमदारांच्या बहुमतातून मंत्रिमंडळ यायचे, त्यातला एक मंत्री दिल्लीला जायचा, इतक्या हातांतून त्याचे गाऱ्हाणे पोहोचते.

नगरपालिकेला तर त्या परिषदेत खुर्चीच नाही. नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये गेली आणि तिच्या जागी राज्याचे अनुदान आले. जकातीचा जाच मोठा होता, ती गेली ते बरेच झाले. पण तिचा दर चुकला तर कागलचा व्यापारी नगरसेवकाला भर बाजारात गाठून जाब विचारी. अनुदान उशिरा आले, कमी आले, तर त्याने आज कोणाची कॉलर धरायची?