बंद दाराआडची कैफियत

शहरात नव्याने कुत्रे पाळू लागलेल्या कुटुंबांकडून एक तक्रार वारंवार कानी येते. घरात माणूस असेपर्यंत पायाशी निमूट लोळणारे पिल्लू, दाराला कुलूप लागून घटकाभर गेली न गेली तोच, सोफ्याची गादी फाडते, पलंगाचा पाय कुरतडते, चपलांचे पट्टे तोडते, मुलांच्या वह्यांचा चुरा करते. आणि संध्याकाळी थकून परतलेला गृहस्थ त्या विखुरलेल्या कापसात उभा राहून त्या मुक्या जिवावर सूड, माज आणि कृतघ्नता असे तिन्ही आरोप एकदम ठेवतो. नासधूस खरी असते, नुकसानही लहान नसते, आणि त्या गृहस्थाचा त्रागा समजण्यासारखा असतो. तथापि हे तिन्ही आरोप निराधार आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. या उपद्रवाचे मूळ आपण त्या पिल्लावर लादलेल्या एकांतात आहे, आणि त्या एकांताचा बंदोबस्त केल्यावाचून लाकडाला कडू औषध फासणे, खोल्यांना अडसर घालणे इत्यादी उपायांचा गुण फार काळ टिकत नाही.

प्रथम दातांचा विचार करू. पिल्लाला दुधाचे २८ दात येतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्याच्या सुमारास ते पडू लागतात आणि सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत त्यांच्या जागी ४२ कायमचे दात येतात. या काळात हिरड्या सुजलेल्या आणि ठणकत असतात, आणि एखादी कठीण वस्तू दाढेखाली दाबली म्हणजे त्या ठणक्याला उतार पडतो, एवढे ज्ञान त्या जिवाला उपजतच असते. दात पुरे आले तरी चावण्याची ओढ लगेच ओसरत नाही. पुष्कळ कुत्र्यांत ती वर्ष-दीड वर्षाच्या वयापर्यंत टिकते. शिवाय ज्या प्राण्याला हात नाहीत, त्याने जगाची पारख तोंडाने करावी हे ओघानेच आले. लॅब्रॅडॉर आणि गोल्डन रिट्रीव्हर या आपल्याकडे विशेष लोकप्रिय झालेल्या जाती तर शिकाऱ्याने पाडलेला पक्षी अलगद तोंडात धरून आणण्याच्या कामासाठी पिढ्यानपिढ्या निवडून सिद्ध केलेल्या आहेत. अशा कुत्र्याच्या तोंडाला दिवसभर काहीही काम न देता त्याने ते आवरून धरावे, ही अपेक्षा न्यायाला धरून नाही.

म्हणून कुरतडण्याची मनाई करण्यापेक्षा कुरतडण्याची सोय करणे अधिक शहाणपणाचे. जाड रबराचे पोकळ खेळणे बाजारात मिळते. त्यात बिनमिठाचा, बिनफोडणीचा दहीभात दाबून भरावा, रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवावा आणि सकाळी घराबाहेर पडताना पिल्लापुढे टाकावा. आतला गोठलेला भात जिभेने सुटा करण्यात त्याचा बराच वेळ जातो, ठणकत्या हिरड्यांना गारवा मिळतो, आणि चाटण्याच्या त्या संथ क्रियेने त्याचे मनही निवते. मात्र जे हाती लागेल ते चघळायला देऊ नये. शिजवलेले हाड दाताखाली फुटून त्याच्या अणकुचीदार कपच्या होतात, आंब्याची कोय किंवा मक्याचे कणीस आतड्यात अडकून शस्त्रक्रियेचा प्रसंग ओढवू शकतो, आणि द्राक्षे, मनुका, चॉकलेट व कांदा हे पदार्थ कुत्र्यांना विषासमान आहेत. विजेच्या तारा तर त्याच्या आटोक्यात राहूच नयेत.

येथे एक भेद बारकाईने पाहावा लागतो, कारण त्यावरच पुढील सारी उपाययोजना अवलंबून असते. कंटाळ्याने केलेली नासधूस घरभर पसरलेली असते: एक उशी येथे, वर्तमानपत्राचे तुकडे तेथे, रिमोट पलंगाखाली, आणि मधल्या वेळात त्या पिल्लाने झोपही काढलेली असते, ठेवलेला खाऊही फस्त केलेला असतो. भयाने केलेली नासधूस मात्र दाराशी असते. चौकटीचा खालचा वीत-दीड वीत भाग पाहावा. रंग उडून आतले लाकूड पांढरे पडलेले दिसते, दाराच्या फळीवर नखांचे उभे ओरखडे एकावर एक उमटलेले असतात, उंबऱ्याशी लाळेचे ओले थारोळे असते, आणि एरवी ज्याच्यासाठी ते जीव टाकते तो दहीभात जसाच्या तसा वितळून पडलेला असतो. दार खरडून खरडून नखे तुटलेली आणि हिरड्यांतून रक्त आलेलेही पाहावयास मिळते. हा आकांत बहुधा माणूस बाहेर पडल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासातच सुरू होतो. म्हणून जुना मोबाइल कपाटावर उभा करून तेवढ्या वेळाचे चित्रण करून पाहावे, आणि आपल्या मागे कुत्रे रडते काय, हे शेजाऱ्यांना विचारावे. ज्याने हे चित्रण एकदा पाहिले, त्याच्या तोंडी सूड हा शब्द पुन्हा येणार नाही.

तरीही लोक मारतात. आणि मारण्याच्या समर्थनार्थ त्यांचा आधार एकच असतो, तो म्हणजे कुत्र्याचा ओशाळा चेहरा. कान मागे पाडलेले, नजर चुकवलेली, शेपूट पायात घातलेली, यावरून त्याला आपला गुन्हा ठाऊक आहे, असा निष्कर्ष ते काढतात. अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या अमेरिकन संशोधिकेने २००९ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या बाबतीत निर्णायक मानावा, असे मला वाटते. खाऊला तोंड न लावण्याचा हुकूम देऊन मालक खोलीबाहेर जात. कुत्र्याने आज्ञा पाळली की मोडली हे त्यांना परतल्यावर कधी खरे, तर कधी खोटे सांगितले जाई. ओशाळा चेहरा दिसे तो मालकाने दटावल्यावर. खाऊ खाल्ला होता की नव्हता याच्याशी त्याचा संबंध आढळला नाही, आणि निरपराध असूनही दटावल्या गेलेल्या कुत्र्यांच्या मुद्रेवर तो सर्वांत ठळक उमटला. अर्थात ज्याला आपण कबुलीजबाब समजतो ती प्रत्यक्षात आपल्या रागापुढे केलेली गयावया असते. सकाळी फाडलेल्या गादीबद्दल संध्याकाळी बसलेला फटका पिल्लाला गादीशी जोडता येत नाही. त्याला एवढेच उमगते की, माणूस घरातून जाणे भयंकर आणि माणूस परत येणे त्याहून भयंकर. ज्याला एकटेपणाचे भय आहे त्याला परतीच्याही भयात लोटणे ही केवळ क्रूरता आहे, मग तिला शिस्त हे नाव देवोत की आणखी कोणते.

यावर जो उपाय आहे तो मंद आहे, आणि म्हणूनच घाईच्या संसारात तो टाळला जातो. मुलाला बालवाडीत रुळवताना आई पहिले काही दिवस दाराबाहेर थांबते, त्यातलाच हा प्रकार. खुंटीवरच्या किल्ल्या काढाव्यात, वाजवाव्यात आणि पुन्हा तेथेच अडकवून शांतपणे खुर्चीत येऊन बसावे. पायात चपला घालाव्यात आणि स्वयंपाकघरात जाऊन चहा करावा. असे पुष्कळदा केले म्हणजे किल्ल्यांचा आवाज हा विरहाचा इशारा राहत नाही. मग दाराबाहेर क्षणभर उभे राहून परत यावे, पुढे जिना उतरून, नंतर कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन. आणि प्रत्येक वेळी पिल्लू कासावीस होण्याच्या आतच परतावे. कासावीस झाले तर मुदत कमी करावी, हट्टाने वाढवू नये. जाताना निरोपाचा समारंभ नको, येताना कौतुकाचा सोहळा नको. सकाळच्या फेरीत त्याला मनसोक्त हुंगू द्यावे, कारण धावण्याइतकेच हुंगण्यानेही कुत्रे दमते. भय खोलवर रुजले असेल तर पशुवैद्याकडे जाण्यास संकोच करू नये. अशा विकारावर औषधे आहेत, आणि ती शिक्षणाच्या जोडीने दिली असता उपयोगी पडतात.

पण हे सारे करायला घरात माणूस हवा, आणि खरा प्रश्न येथेच येऊन ठेपतो. मेंढरे घेऊन रानोमाळ फिरणाऱ्या धनगरांच्या वाड्यावर वाढणारे पिल्लू जन्मापासून माणसांच्या, मेंढरांच्या आणि इतर कुत्र्यांच्या संगतीत असते; त्याला एकांत ठाऊकच नसतो. तोच कळपप्रिय प्राणी आपण पाचव्या मजल्यावरील दोन खोल्यांत आणतो, आणि पतिपत्नी दोघेही नऊच्या सुमारास बाहेर पडून रात्री परततात. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमात, नेहमी साखळीने बांधलेल्या अथवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला वाजवी व्यायाम देण्यात मालकाने कसूर करणे हा अपराध म्हणून नमूद आहे; पहिल्या अपराधाचा दंड मात्र १० ते ५० रुपये, जो आज कोणाच्याही मनात धाक निर्माण करू शकत नाही. तो वाढवला पाहिजे, याविषयी मला शंका नाही. २०१७ च्या नियमांनी आठ आठवड्यांहून लहान पिल्लाच्या विक्रीस मनाई केली आहे, तेव्हा घेणाऱ्याने जन्मतारखेची रीतसर चौकशी करावी. आईपासून अकाली तोडलेले पिल्लू एकटेपणाला अधिकच बिचकण्याचा संभव असतो.

कायद्यापेक्षाही मला भरवसा वाटतो तो शेजाराचा. प्रत्येक इमारतीत दुपारी घरी असणारी, कुत्र्याचा लळा असणारी, पण स्वतः पाळण्याची उमेद नसलेली वडीलधारी माणसे असतात. दुपारी एकदा त्यांनी दार उघडून पिल्लाला खाली फिरवून आणावे, एवढी तजवीज दोन घरांनी सामोपचाराने केली तर दिवसाचा सलग एकांत तुटतो. सोसायट्यांच्या सभांत कुत्र्यांना लिफ्टमध्ये बंदी घालण्याच्या ठरावांवर जेवढा वेळ खर्च होतो, त्याचा अल्पांश या व्यवस्थेसाठी दिला तरी रडण्याच्या आवाजाची तक्रारही मिटेल. आणि ज्या घराला अशी कोणतीच सोय करता येत नाही, त्याने मुलांच्या हट्टाखातर पिल्लू मुळीच आणू नये. मुलांना कुत्र्याचा सहवास हवाच असेल तर सुट्टीच्या दिवशी त्यांना घेऊन गावातील एखाद्या प्राणी-निवाऱ्यात जावे आणि तेथील कुत्र्यांना फिरवून आणण्याचे काम मागून घ्यावे. तेथे त्या कामाला माणसांची नेहमीच वानवा असते.