बेटावरचा आराम : पैसा कोणाच्या हातात पडतो?

दुकानाला कुलूप लावून चार दिवस समुद्रकाठी पडून राहायचे, ही गोष्ट आपल्या बाजारात अजून चैनीत मोजली जाते. जुन्या लोकांनी सफर केली ती एक तर हजची, नाही तर माल खरेदीची. नवी पिढी मात्र रमजान ईदनंतर कापडाची घाई ओसरली की मालदीवची तिकिटे काढते. आमच्याच बाजारातील दोन-तीन घरांतील मुले-सुना गेल्या काही वर्षांत तेथे जाऊन आल्या. त्यावर गल्लीत बरीच चर्चा झाली. कोणी म्हणाले पैशाची नासाडी, कोणी म्हणाले तो सारा दारू-नाचाचा मामला. आमचे मत दोघांपेक्षा वेगळे आहे. वर्षभर गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाला आरामाचा हक्क आहे. पण जो व्यापारी थानाची घडी उलगडून, सूत चिमटीत धरून पाहिल्याशिवाय पैसे मोजत नाही, त्याने आरामाचा सौदासुद्धा तसाच पारखून करावा.

प्रथम माल काय आहे ते पाहू. मालदीव म्हणजे सुमारे बाराशे प्रवाळ बेटे. त्यांपैकी दोनशेच्या आतबाहेर बेटांवर वस्ती आहे. डोंगर नाही, नदी नाही. जमीन समुद्रापासून सरासरी दीड मीटर उंच. प्रवाळाची कडा लाटा बाहेरच अडवते, म्हणून आतले पाणी तळ्यासारखे संथ, कमरेइतके, तळाची पांढरी वाळू दाखवणारे. पाहण्यासारखी स्थळे म्हणावीत तर फारशी नाहीत, आणि हीच तेथील खरी गोडी आहे. सकाळी खोबरे, कांदा, मिरची घालून कुस्करलेला टूना मासा म्हणजे ‘मास हुनी’, त्यासोबत रोशी, म्हणजे आपली चपातीच. मग पाण्यात डुंबणे, नारळीच्या सावलीत ‘उंदोली’ नावाच्या झोक्यावर पडणे, आणि अजान झाली की गावातील मशिदीत जाणे. फोन बंद ठेवण्याची हिंमत असेल तर तीन दिवसांत माणूस ताजा होतो.

मात्र मालदीव एक नाही, दोन आहेत, आणि जाहिरातीत एकच दिसतो. १९७२ साली मालेजवळच्या एका निर्मनुष्य बेटावर ‘कुरुंबा’ हे पहिले रिसॉर्ट उघडले. त्या वर्षी साऱ्या देशात पाहुणे आले हजाराच्या आसपास. नंतर तेथे एक नियम पक्का झाला : एक बेट, एक रिसॉर्ट. सरकारने निर्मनुष्य बेट भाड्याने द्यायचे, कंपनीने त्यावर हॉटेल बांधायचे आणि परदेशी पाहुण्याने तेथेच राहायचे. वस्तीच्या बेटांवरील मुक्काम १९८० च्या दशकात बंद करण्यात आला. कारण सांगितले गेले ते धर्म आणि रीतिरिवाज जपण्याचे. मुस्लिम देशात दारू आणि डुक्कराचे मांस वस्तीत येऊ नये, पाहुण्यांचे ते तिकडेच राहावे.

हेतू वाईट नव्हता. पण व्यापाऱ्याच्या नजरेने त्याचा हिशेब मांडून पाहा. पाहुणा विमानतळावरून थेट रिसॉर्टच्या बोटीत बसला, आठ दिवस तेथेच जेवला, तेथेच खरेदी केली आणि परत विमानात बसला. शेजारच्या बेटावरील दुकानदार, शिंपी, नारळवाला, होडीवाला यांना त्याचे तोंडही दिसले नाही. रिसॉर्टच्या नोकरीसाठी मुलांनी घर सोडून दुसऱ्या बेटावर राहायचे. मुलींना तर घरचे लोक सहसा पाठवतच नाहीत. देश श्रीमंत झाला, सरकारी तिजोरी भरली, बेटांची मोठी कंत्राटे घेणारे मोठे झाले. गावचा माणूस दुरून दिवे पाहत राहिला. धर्माच्या रक्षणासाठी बांधलेल्या भिंतीआड कमाई मूठभरांची झाली, असे आम्ही म्हणालो तर रागावू नये.

२००८ साली तेथे पहिली बहुपक्षीय राष्ट्रपती निवडणूक झाली, आणि पुढच्या एक-दोन वर्षांत वस्तीच्या बेटांवर गेस्ट हाऊसला परवानगी मिळाली. मालेपासून सुमारे २७ किलोमीटरवरचे माफुशी हे बेट त्यात पुढे निघाले. पूर्वी ते तुरुंगासाठी आणि मासेमारीसाठी ओळखले जाई. आता साऱ्या देशात अशी शेकडो गेस्ट हाऊस आहेत. ज्याच्याकडे दोन जादा खोल्या त्याने त्या भाड्याने दिल्या, घरच्या बाईने स्वयंपाक सांभाळला, भावाने होडी घातली, मेहुण्याने दुकान टाकले. घर न सोडता बायकांच्या हातात रोजी आली, ही आमच्या मते सर्वांत मोठी गोष्ट आहे.

तक्रारी आहेत आणि त्या खोट्या नाहीत. पाहुण्यांच्या कपड्यांसाठी आडोसा करून वेगळा किनारा राखावा लागतो. बेटावर दारू नाही म्हणून ती देणाऱ्या बोटी थोड्या दूर समुद्रात नांगर टाकतात. ही पळवाट आम्हाला मुळीच पसंत नाही. लहानशा बेटावर इमारतींची दाटी झाली आहे, आणि कचरा हा तर या देशाचा जुना आजार. पण यावर इलाज म्हणून पुन्हा साऱ्या पाहुण्यांना रिसॉर्टमध्ये कोंडावे, हे पटत नाही. बाजारात एक-दोन लबाड निघाले म्हणून कोणी पेठ बंद करत नाही.

आता आमच्या धंद्याची गोष्ट, ज्यासाठी खरे तर हा लेख लिहायला घेतला. उर्दू शाळेत आम्ही इब्ने बतूताचे नाव घोकले होते. हा मुसाफिर १३४३ साली मालदीवला पोहोचला आणि तेथे काझीही झाला. तेथून बाहेर जाणाऱ्या मालात त्याने सुकी मासळी, नारळ, काथ्या आणि कवड्या यांच्यासोबत कापड आणि सुती पगड्यासुद्धा नोंदवल्या आहेत. म्हणजे ज्या बेटांवर कापसाचे मोठे शेत असणे शक्य नाही, ती बेटे विणलेले कापड बाहेर विकत होती! पुढे एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या बोहरा व्यापाऱ्यांनी मालेत वखारी टाकल्या, आणि बाहेरच्या व्यापाराचा मोठा हिस्सा त्यांच्या हाती गेला. आज मासळी सोडली तर तेथे जवळजवळ सगळेच बाहेरून येते. मालेतील चांदनी मागू या बाजाररस्त्याला तर लोक ‘सिंगापूर बाजार’ म्हणत, इतका माल सिंगापूरचा.

कारागिरी मात्र अगदी मेलेली नाही. दक्षिणेकडील गद्दू बेटावरच्या बायका लव्हाळे वाळवून, रंगवून मागावर चटया विणतात. त्यांना ‘थुंडू कुना’ म्हणतात. थुलाधू बेटावर लाकडी डबे-पेट्यांवर लाल, काळ्या, पिवळ्या लाखेचे काम होते. आपल्या सावंतवाडीचे लाखकाम पाहिलेल्याला ते लगेच ओळखू येईल. एदाफुशी बेट ‘फेली’ या जाड सुती पट्ट्यांच्या लुंगीसाठी नावाजलेले होते. २०२४ साली मालदीवमध्ये वीस लाखांवर पाहुणे गेले. एवढे गिऱ्हाईक दारात असताना विणकर वाढायला हवे होते. ते झाले नाही, कारण गिऱ्हाईक आणि कारागीर यांच्यामध्ये समुद्र होता, आणि आठवणीची वस्तू म्हणून परदेशी यंत्रावरचा स्वस्त माल दुकानात आधीच पोहोचला होता. यंत्रमागाच्या गावांतील आपल्या वाचकांनी हातमाग कसा संपतो ते स्वतः पाहिले आहे.

जाणाऱ्यांसाठी व्यवहाराचे चार शब्द. भारतीय पासपोर्टवर उतरल्यावर व्हिसा फुकट मिळतो. नोव्हेंबर ते एप्रिल हवा कोरडी; मेपासून पाऊस, पण भाडे कमी. पर्यावरण करातही फरक आहे : जानेवारी २०२५ पासून रिसॉर्टमध्ये माणशी रोज १२ डॉलर, लहान गेस्ट हाऊसमध्ये ६. सार्वजनिक फेरी स्वस्त, पण शुक्रवारी ती सहसा नसते. जुम्म्याच्या दिवशी विमान उतरत असेल तर स्पीड बोटीचे आधी ठरवून घ्यावे. गाववस्तीवर मुक्काम करावा. खोलीचा मालक बेटावर राहतो की नाही हे बुकिंगआधी विचारावे, यात लाजण्यासारखे काही नाही. आणि चटई घेताना ती उलटी करून विणीची मागची बाजू पाहावी. गद्दूची असेल तर दुकानदार बेटाचे नाव स्वतःहून सांगतो, नसेल तर भाव सांगतो.