पंधरा वर्षांची गाडी आणि बिनहिशेबी दुरुस्ती

बारामतीच्या भिगवण रस्त्यावर किंवा इंदापुरात पुणे-सोलापूर महामार्गालगत असलेल्या गॅरेजांसमोर नजर टाकली, तर बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्यांत जुन्या एसयूव्ही हमखास आढळतात. 'एमएच-४२' ही बारामतीची किंवा 'एमएच-१२' ही पुण्याची पाटी, दारांवर उसाच्या पाचटाचे ओरखडे, चाकांवर काळ्या रानाचा वाळलेला चिखल, असे त्यांचे रूप असते. २००९ ते २०११ या वर्षांत मोटार उद्योग तेजीत असताना घेतलेल्या या गाड्यांपैकी कित्येकींच्या नोंदणीला आता पंधरा वर्षे झाली आहेत वा होत आली आहेत. खासगी वाहनाची पहिली नोंदणी पंधरा वर्षेच चालते. त्यानंतर वाहनाची तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकृत करावी लागते. त्यामुळे 'गाडी पुन्हा पासिंग करून घ्यायची की काढून टाकायची', हा प्रश्न या दोन तालुक्यांतील अनेक घरांत सध्या चर्चेत आहे. तो वरवर गाडीच्या भरवशाचा वाटतो. प्रत्यक्षात तो हिशेबाचा आहे.

या भागात एसयूव्ही रुजली ती केवळ हौसेपोटी नव्हे. १९९४ मध्ये टाटा सुमो, १९९८ मध्ये सफारी, २००० मध्ये महिंद्र बोलेरो आणि २००२ मध्ये स्कॉर्पिओ बाजारात आली, तेव्हा ग्रामीण महाराष्ट्राला जीपच्या पुढची, तरीही जीपसारखी दणकट गाडी मिळाली. नीरा डावा कालव्याच्या पाण्यावर वाढलेला बागायती पट्टा, उजनीच्या फुगवट्यालगतची गावे आणि सुपे-मोरगावकडचा जिरायत भाग या सर्व ठिकाणी शेवटचे दोन-तीन किलोमीटर पाणंद रस्त्याचे असत आणि अनेक ठिकाणी आजही आहेत. पावसाळ्यात तेथे लहान मोटार टेकते. शिवाय लग्नाचे वऱ्हाड, दवाखाना, कारखान्याची सभा आणि पंढरपूरची वारी या सर्वांना सात-आठ माणसे बसणारी गाडी लागते. गावच्या पुढाऱ्याच्या दारात उभी असलेली 'मोठी गाडी' प्रतिष्ठेची खूण ठरली, ती नंतर.

अशा गाड्यांविषयी मालकांचा अनुभव साधारणपणे दोन टप्प्यांत विभागलेला असतो. पहिली सात-आठ वर्षे तेल, फिल्टर, टायर आणि क्लच प्लेट यांपलीकडे मोठा खर्च येत नाही. सांगाड्यावर स्वतंत्र बॉडी बसवलेली ही रचना मुळातच सोसणारी असते आणि तिची कामे तालुक्याच्या गॅरेजमध्ये होऊ शकतात. त्यानंतर मात्र खर्चाचे स्वरूप बदलते. सस्पेन्शनचे बुश, बॉल जॉइंट, व्हील बेअरिंग, रेडिएटर, स्टार्टर, एसीचा कॉम्प्रेसर असे भाग एकामागून एक मान टाकू लागतात. यांतील कोणतेही काम एकट्याने मालकाला घाबरवत नाही; परंतु वर्षभरात अशी पाच-सहा कामे निघाली, की गाडी सतत गॅरेजमध्येच असल्याची भावना बळावते.

खरा धसका असतो तो डिझेल पुरवणाऱ्या यंत्रणेचा आणि टर्बोचा. पूर्वीच्या इंजिनांत यांत्रिक पंप आणि साधे नोझल असत. ते खोलून, साफ करून, कॅलिब्रेट करून पुन्हा बसवणारे कारागीर जागोजागी होते. २००५ नंतर कॉमन रेल पद्धत रूढ झाली. तिच्यात हवेच्या दाबाच्या हजार पटींहून अधिक दाबाने डिझेल अतिशय बारीक छिद्रांतून फवारले जाते आणि संगणक त्या फवाऱ्याचे नियंत्रण करतो. यामुळे गाडी शांत झाली, ताकद वाढली, अॅव्हरेज सुधारले. पण डिझेलमधील थोडेसे पाणी किंवा कचराही महाग पडू लागला. एका नव्या इंजेक्टरची किंमत पाच आकड्यांत जाते आणि चार सिलिंडरच्या इंजिनाला असे चार इंजेक्टर असतात. टर्बोचे तसेच आहे. मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकणारा हा पंखा केवळ इंजिन ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. दीड-दोन हजार रुपये वाचवण्यासाठी ऑइल बदलणे पुढे ढकलले, की त्याची किंमत टर्बो वसूल करतो.

येथील वापराची पद्धत या दुखण्यांना हातभार लावते. गाडी वस्तीवरून गावात, गावातून कारखान्यावर आणि परत, अशी थोड्या थोड्या अंतराची धाव घेते. डिझेल इंजिन पुरते तापण्याआधीच ते बंद होते आणि आत काजळी साचत जाते. हंगामात ऊस वाहतुकीच्या रस्त्यावरील धूळ एअर फिल्टर लवकर भरते. ट्रॅक्टरसाठी पिंपात साठवलेले डिझेल अडीअडचणीला गाडीत ओतले जाते. त्यात उतरलेली वाफ पाणी होऊन इंजेक्टरपर्यंत पोहोचते. जमेची बाजू अशी, की कोकणातील खारी हवा येथे नाही. त्यामुळे सांगाडा गंजण्याचे प्रमाण कमी राहते आणि पंधरा वर्षांची गाडीही वरून धडधाकट दिसते. हीच गोष्ट कधीकधी फसवी ठरते. बॉडी चांगली आहे म्हणून गाडी चांगली आहे, असा समज होतो आणि सेकंडहँड बाजारात नेमका तोच विकला जातो.

दुरुस्ती कोठे करायची, हा पुढचा पेच. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये भाग अस्सल मिळतो, बिल मिळते. पण मजुरी अधिक असते आणि जुना भाग दुरुस्त करण्याऐवजी संपूर्ण जोडणीच बदलण्याकडे कल असतो. खासगी गॅरेजमध्ये मजुरी परवडते, मेकॅनिक ओळखीचा असतो, उधारीही चालते. मात्र भागाच्या खोक्यावरील नाव आणि आतील माल यांचा मेळ बसेलच, याची हमी नसते. आधुनिक इंजिनातील बिघाड शोधण्यासाठी लागणारी स्कॅनरसारखी साधने आणि कंपनीची तांत्रिक माहितीही प्रत्येक खासगी गॅरेजला उपलब्ध नसते. दोष नेमका न कळल्यामुळे 'हा भाग बदलून पाहू' या पद्धतीने काम चालते आणि या 'पाहू'चा खर्च मालकाच्या माथी पडतो.

हा प्रश्न केवळ बारामती-इंदापूरचा नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला होता, तो याच कारणासाठी. सुटे भाग, साधने आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना खुल्या बाजारात मिळू न देणे हे स्पर्धेला मारक आहे, असा आयोगाचा निष्कर्ष होता. कंपन्यांनी त्या आदेशाला आव्हान दिले आणि प्रकरण न्यायालयांच्या पायऱ्या चढत राहिले. पुढे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी २०२२ मध्ये समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संकेतस्थळ सुरू केले. त्यात मोटारींचाही समावेश आहे. परंतु संकेतस्थळावर माहिती असणे आणि तालुक्याच्या मेकॅनिकच्या हाती ती असणे, यांत मोठे अंतर आहे. कंपनीनेच देशातील विक्री थांबवली, तर मालकाची चिंता आणखी वाढते. पुणे जिल्ह्यातच तळेगावला कारखाना असलेल्या जनरल मोटर्सने २०१७ अखेर भारतातील शेवरोले गाड्यांची विक्री बंद केली आणि २०२१ मध्ये फोर्डने येथील उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. सेवा व सुटे भाग देत राहण्याचे दोन्ही कंपन्यांनी सांगितले. तथापि अशा गाडीला सेकंडहँड बाजारात घेणारा सहसा हात आखडताच घेतो.

एक दिलासा अलीकडे मिळाला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सर्व सुट्या भागांवर १८ टक्के असा एकच वस्तू व सेवा कर लागू झाला. पूर्वी त्यांतील अनेक भागांवर तो २८ टक्के होता. म्हणजे करापूर्वी दहा हजार रुपये किमतीच्या अशा भागावरील कर २,८०० वरून १,८०० रुपयांवर आला. मात्र पक्के बिल न घेता माल घेणाऱ्याला ही कपात मिळाली की नाही, हे कळण्याचा मार्गच उरत नाही.

या भागातील दुरुस्तीचे अर्थकारण पगारदाराच्या अर्थकारणाहून वेगळे आहे. पगार दरमहा येतो, उसाचे पैसे हप्त्यांनी. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती यांसारख्या कारखान्यांचे धुराडे पेटल्यानंतर शेतकऱ्याच्या खात्यात रक्कम पडू लागते. गाडी मात्र हंगाम पाहून बिघडत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये क्लच घसरू लागला, तर 'बिल निघेपर्यंत चालवू' असे ठरते. तोवर घासलेली क्लच प्लेट फ्लायव्हीलही खराब करते आणि काही हजारांचे काम अनेक पटींनी वाढते. जुन्या गाडीचा सर्वात मोठा खर्च बिघाडाचा नसून लांबणीवर टाकलेल्या बिघाडाचा असतो.

शासनाची दृष्टी यापेक्षा निराळी आहे. ते गाडीची अवस्था पाहण्यापेक्षा तिचे वय पाहते. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते १०,००० रुपये करण्यात आले. उशीर झाल्यास दरमहा ५०० रुपये अधिक. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. दिल्ली परिसरात डिझेल गाड्यांसाठी घालण्यात आलेली दहा वर्षांची मर्यादा महाराष्ट्रात लागू नाही, हे अनेकांना ठाऊक नसते आणि त्या भीतीने काही जण चांगली गाडी मातीमोल किमतीत काढतात. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या भंगार धोरणानुसार, जुनी खासगी गाडी अधिकृत केंद्रात मोडीत काढणाऱ्यास नव्या गाडीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची मुभा राज्यांना मिळाली. परंतु ही सवलत नवी गाडी घेऊ शकणाऱ्यासाठी आहे. ज्याला ती परवडत नाही, त्याच्या हाती केवळ भंगाराचा भाव उरतो.

विम्याचा आधारही तोकडा आहे. पंधराशे सीसीवरील खासगी मोटारीचा सक्तीचा तृतीयपक्ष विमा २०२२ मधील दरांनुसार करापूर्वी ७,८९७ रुपयांचा होतो. पण त्यातून स्वतःच्या गाडीचे एक चाकही दुरुस्त होत नाही. सर्वसमावेशक विमा घेतला, तरी दहा वर्षांवरील गाडीच्या धातूच्या भागांवर सर्वसाधारणपणे निम्मा घसारा वजा होतो आणि झिजेमुळे झालेला बिघाड तर विम्याच्या कक्षेतच येत नाही.

असे असूनही जुनी गाडी ठेवण्यामागे तर्क आहे. समजा, पंधरा लाखांच्या नव्या गाडीसाठी बारा लाखांचे कर्ज पाच वर्षांसाठी नऊ टक्के व्याजाने घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे २४,९०० रुपये, म्हणजे वर्षाला जवळपास तीन लाख रुपये येतो. जुन्या गाडीवर वर्षाला लाखभर रुपये खर्च झाले, तरी ती स्वस्तच दिसते. या तुलनेत एक गोष्ट मात्र सुटते. हप्त्यातून नव्या गाडीबरोबर नवे ब्रेक, नवे टायर आणि सुरक्षेची नवी साधनेही येतात. चालकासाठी एअरबॅग आणि एबीएस या गोष्टी देशात २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना सक्तीच्या झाल्या. २०१० मधील अनेक गाड्यांत त्या नाहीत.

आणि रस्ता आता पूर्वीचा राहिलेला नाही. पाटसहून बारामती-इंदापूरमार्गे अकलूजकडे जाणाऱ्या संत तुकाराम महाराज पालखी मार्गाने या परिसरातील वाहनांचा वेग वाढवला. खड्ड्यांतून ताशी चाळीसच्या वेगाने जाताना ज्या गाडीचे ढिले सस्पेन्शन आणि दमलेले ब्रेक खपून जात, तीच गाडी आता रुंद रस्त्यावर ताशी शंभरच्या वेगाने धावते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, ते साधारण दोन वर्षांनी बदलावे लागते. टायर नक्षी शिल्लक असतानाही वयाने कडक होतात. एसी बिघडला की मालक त्याच दिवशी गॅरेज गाठतो, ब्रेक ऑइलची मात्र कोणी चौकशी करीत नाही. अशा वेळी परिवहन कार्यालयातील तपासणी ही शुल्क भरून उरकण्याची औपचारिकता राहता कामा नये. पाच हजार रुपये घेणाऱ्या यंत्रणेने त्या बदल्यात ब्रेक, स्टिअरिंग, टायर आणि धूर यांची यंत्राने तपासणी करून लेखी अहवाल द्यावा, ही अपेक्षा रास्त आहे. वय कमी म्हणून धोकादायक गाडी सुटू नये आणि वय अधिक म्हणून सुस्थितीतील गाडी भंगारात जाऊ नये.

मालकांच्या बाजूनेही एक उणीव आहे. उसाची शेवटची बाकी मिळेपर्यंत वजनकाट्याची प्रत्येक पावती जपून ठेवणाऱ्या घरात गाडीच्या दुरुस्तीची एकही पावती सापडत नाही. टायर कधी घातले, ऑइल केव्हा बदलले, वर्षाला खर्च किती झाला, याचे उत्तर अंदाजानेच दिले जाते. उसाच्या प्रत्येक हप्त्यातून ठरावीक रक्कम गाडीसाठी बाजूला काढणे आणि दुरुस्तीची वही ठेवणे एवढे केले, तरी पासिंग की भंगार या प्रश्नाचे उत्तर ती वहीच देईल. पंधरा वर्षे सेवा दिलेल्या गाडीवर माया असणे स्वाभाविक आहे. मात्र ज्या गाडीतून घरातील सात माणसे प्रवास करतात, तिचा निर्णय मायेवर सोडता येत नाही.