हेर मुलगी लंडनचीच का?

मैत्रिणींनो, भंडारा जिल्ह्यातल्या एका गावी आमच्या किशोरी गटात मी 'एनोला होम्स'चे चित्रकादंबरी-रूप नेले. नॅन्सी स्प्रिंगरच्या कादंबऱ्यांवरून सेरेना ब्लास्कोने चितारलेले. साल 1888. चौदा वर्षांची एनोला नाहीशा झालेल्या आईला शोधते. भाऊ मात्र तिला बोर्डिंगात धाडायला निघालेले. पोरींनी ते माझ्याकडून दोनदा सांगून घेतले.

पुस्तकाशी माझे भांडण नाही, आपल्याशी आहे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे नको तिथे नाक खुपसतो, त्याचे कौतुक होते. मुलीने तेच केले की ती चोंबडी!

आणि विषय नाहीत म्हणता? 1881 मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा सुनावली गेली. लोक तिच्या चारित्र्यावर तुटून पडले. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून पुरुषजातीलाच जाब विचारला. एनोलाच्या काळाआधी सहा वर्षे, आणि आपल्या विदर्भातली बाई! त्या खटल्यातला पुरुष कुठे गेला, याहून मोठे रहस्य कोणते? हे चित्रांतून पोरींच्या हाती का देत नाही आपण?

मी ही गोष्ट सांगितली तेव्हा एक पोर म्हणाली, "ताई, आमच्या शेजारच्या विधवा वहिनीचे महिने साऱ्या गावानं मोजले. त्या माणसाचं नाव कोणी पुसलंच नाही."

मी पुसले. आठवड्याच्या आत गटाच्या खोलीची किल्ली परत मागण्यात आली. सध्या आम्ही मोहाच्या झाडाखाली बसतो. पोरी दोनच गळाल्या.