गाडीचीही नाडी पाहावी

आपल्या घराला एक खोली अशी असते, जी घराच्या भिंतींच्या आत नसते. ती खाली वाहनतळात उभी असते. तिच्यात आपण रोज तास-दीड तास बसतो, मुलांना झोपवतो, आईवडिलांना डॉक्टरांकडे नेतो, क्वचित जेवतोही. पण तिची हवा, तिची बैठक, तिची प्रकृती यांचा विचार मात्र ती रुसून रस्त्यात थांबेपर्यंत आपण करीत नाही. या सदरात आजवर आपण स्वयंपाकघर पाहिले, अंथरूण पाहिले, मुलांचे दप्तर उचलून पाहिले. आज या फिरत्या खोलीत डोकावू.

आमच्या घरी छोटी एसयूव्ही आली ती बाबांच्या गुडघ्यांमुळे. जुन्या, बुटक्या गाडीत बसताना त्यांना जणू विहिरीत उतरावे लागे आणि बाहेर येताना दोन माणसांचा आधार लागे. नव्या गाडीची बैठक त्यांच्या कमरेच्या पातळीला आली आणि प्रश्न सुटला. अनेक कुटुंबे हे वाहन याच कारणाने घेतात. मात्र याच गाडीने उंचीने पाच फूट न भरणाऱ्या माझ्या आईसाठी नवा प्रश्न निर्माण केला. तिला चढणे जड जाऊ लागले. त्यामुळे गाडी पसंत करताना केवळ तरुण मुलाने चालवून पाहणे पुरेसे नाही; घरातील सर्वांत उंच आणि सर्वांत ठेंगण्या माणसाने दोनदोनदा चढून-उतरून पाहावे. ज्येष्ठांनी आधी सीटकडे पाठ करून बसावे आणि मग दोन्ही पाय एकत्र उचलून आत घ्यावेत. एका पायावर शरीराचा भार टाकून पीळ घेत आत शिरण्याने गुडघा आणि कंबर दोन्ही दुखावतात.

घाटातली अर्धी घटका

गाडी घेऊन चौथे वर्ष सुरू होते. मे महिन्यात मावसबहिणीच्या लग्नासाठी आम्ही पाचजण चिपळूणला निघालो. मी चालवीत होते, शेजारी बाबा, मागे यजमान, आई आणि सहा वर्षांची लेक. टपावरच्या कॅरिअरवर दोन बॅगा, मागे आहेराच्या पिशव्या. पाटण, कोयनानगर मागे टाकून कुंभार्ली घाट उतरू लागलो. मी गाडी वरच्या गिअरमध्ये ठेवून सतत ब्रेक दाबीत उतरत होते. निम्म्या वाटेवर जळका वास आला. मला तो पुढच्या ट्रकचा वाटला. पुढच्या वळणावर ब्रेकचे पेडल नेहमीपेक्षा खूप खाली गेले, आणि पायाला काही घट्ट लागेना. ओल्या स्पंजावर पाय ठेवावा तसे ते वाटले.

मी पेडल पुन्हा पुन्हा दाबले, गिअर एकेक करून खाली आणला आणि हातब्रेक हळूहळू ओढीत डोंगराच्या बाजूला गाडी थांबवली. काही झाले नाही. अर्धा तास आम्ही तेथेच उभे होतो. पण मी मागे वळून पाहिले तेव्हा लेक आजीच्या मांडीवर गाढ झोपली होती, पट्ट्याविना. तिच्यासाठी आणलेले बालआसन सामानाला जागा हवी म्हणून आम्ही पुण्यातच ठेवले होते. ते दृश्य माझ्या डोळ्यांपुढून अजून हलत नाही.

चिपळूणच्या मेकॅनिकने तेल तपासले आणि विचारले, "ताई, ब्रेक ऑइल कधी बदललेत?" उत्तर मला ठाऊक होते. आदल्या सर्व्हिसिंगच्या वेळी खर्चाच्या यादीत ते लिहिलेले होते आणि 'ब्रेक तर उत्तम लागताहेत' असे म्हणून मीच ते खोडायला लावले होते. बाबा सगळे ऐकत होते. ते एवढेच म्हणाले, "अगं, चांगले वाटते म्हणून आपण रक्तदाबाची गोळी बंद करतो का?"

या उपमेत शास्त्र आहे. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा हळूहळू शोषून घेते. डॉट ४ दर्जाचे नवे तेल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, असे मानक आहे. ठरावीक प्रमाणात पाणी मुरलेल्या त्याच तेलासाठी ही मर्यादा १५५ अंशांवर येते. लांब उतारावर सतत ब्रेक दाबला की चकत्या आणि पॅड तापतात, ती उष्णता तेलापर्यंत पोहोचते आणि तेल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतो. वाफ मात्र दाबली जाते, म्हणून पेडल खाली जाते आणि गाडी थांबत नाही. शहराच्या सपाट रस्त्यावर या दुखण्याचे एकही लक्षण दिसत नाही. म्हणून बहुतेक गाड्यांत हे तेल साधारण दर दोन वर्षांनी बदलतात. आपल्या गाडीची नेमकी मुदत माहितीपुस्तिकेत पाहावी. किलोमीटर कमी झाले म्हणून ही मुदत लांबत नाही, कारण हवेतला ओलावा गाडी उभी असतानाही तेलात मुरतच असतो.

आणि घाटाचा जुना नियम: ज्या गिअरने चढाल, त्याच गिअरने उतरा. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला धरून ठेवते आणि ब्रेकला विसावा मिळतो. जळका वास आला की थांबावे, ब्रेक आपोआप निवू द्यावेत. तापलेल्या चकत्यांवर पाणी ओतू नये.

मांडी ही आसन नव्हे

आता त्या मांडीविषयी. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी आदळून एक दशांश सेकंदात थांबली, तर २० किलो वजनाच्या मुलाला धरून ठेवण्यासाठी जवळजवळ पावणेतीनशे किलो वजन पेलण्याइतका जोर लागतो. जगातल्या कोणत्याही आजीच्या हातांत तो नसतो. तिच्या मायेचा येथे काही उपयोग होत नाही.

मोटार वाहन कायद्याच्या २०१९ मधील दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालील मुलाला पट्ट्याने अथवा बालआसनाने सुरक्षित न बसवल्यास १००० रुपये दंड आहे. पण दंडाच्या भीतीपेक्षा शरीराची रचना समजून घेतलेली बरी. तान्ह्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड आणि मान दुबळी असते. म्हणून त्याचे आसन मागे तोंड करून बसवावे. ते पुढच्या सीटवर, एअरबॅग चालू असताना, कधीही ठेवू नये. फुगणाऱ्या एअरबॅगचा तडाखा थेट आसनाच्या पाठीवर बसतो. थोड्या मोठ्या मुलाला पुढे तोंड केलेले आसन आणि त्यानंतर उंची वाढवणारी बैठक हवी. मोठ्यांचा पट्टा मुलाला साधारण १४० ते १५० सेंटिमीटर उंचीनंतरच नीट बसतो. तोपर्यंत तो गळ्यावर आणि पोटावर येतो, आणि धक्क्यात त्यानेच इजा होऊ शकते. कमरेचा पट्टा पोटावर नव्हे, ओटीपोटाखालच्या हाडांवर असावा. गर्भवतींनीही तो पोटाच्या खालून घ्यावा.

मागच्या सीटवरच्या मोठ्यांनीही पट्टा लावावाच. २०१८ साली टाटा नेक्सॉनला ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत पाच तारे मिळाले आणि भारतीय खरेदीदार गाडीच्या ताऱ्यांविषयी बोलू लागला. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही आपली स्वतःची चाचणीही सुरू झाली. हे तारे पट्टे लावलेल्या पुतळ्यांना आणि बालआसनात बसवलेल्या बालपुतळ्यांना मिळालेले असतात, हे मात्र आपण विसरतो. पट्ट्याविना बसणाऱ्या कुटुंबाची गाडी कितीही ताऱ्यांची असली, तरी त्या ताऱ्यांवर त्या कुटुंबाचा हक्क नसतो.

सामान, उंची आणि चाके

या गाड्यांची लांबी चार मीटरच्या आत ठेवण्यामागे करसवलतीचा नियम आहे. त्यामुळे गाडी बाहेरून ऐसपैस दिसली, तरी कात्री लागते ती सामानाच्या जागेला. मग बॅगा टपावर जातात. उंच गाडीच्या टपावर वजन चढले की तिचा गुरुत्वमध्य आणखी वर जातो आणि वळणावर ती अधिक झुकते. म्हणून जड सामान खाली, सीटच्या पाठीला टेकवून ठेवावे; टपावर हलकेच ठेवावे, तेही पुस्तिकेतील मर्यादेत. पाच माणसे आणि लग्नाचे सामान मावत नसेल, तर एक बॅग पार्सलने पाठवावी. बालआसन मागे ठेवू नये, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले.

उंचीचा आणखी एक दोष म्हणजे बॉनेटच्या पुढे आणि मागच्या काचेखाली उभे असलेले लहान मूल चालकाला दिसत नाही. सोसायटीच्या आवारात गाडी हलवण्यापूर्वी तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घालण्याची सवय लावावी.

चाकांतील हवा महिन्यातून एकदा आणि प्रत्येक प्रवासापूर्वी, चाके थंड असताना पाहावी. योग्य दाब चालकाच्या दरवाजाच्या चौकटीवरील पट्टीवर बहुधा लिहिलेला असतो, पूर्ण भारासाठीचा आकडा वेगळा असतो. नायट्रोजनचा बाऊ करू नये. साध्या हवेतही ७८ टक्के तोच असतो. टायरच्या कडेवर चार आकडे असतात: २३१९ याचा अर्थ २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत झिजली की टायर कायद्यानेच बाद होतो, पण पावसाळ्यात त्याच्या बरेच आधी बदलावा. वापराविना पडून असलेली स्टेपनीही म्हातारी होते; तिचीही हवा पाहावी.

आतली हवा

लेकीला गाडीत बसले की शिंका येत आणि खोकला सुरू होई. आम्ही ऋतूला दोष देत होतो. एकदा डॅशबोर्डातल्या खणामागची हवेची जाळी काढून पाहिली, तर तिच्यात कडुनिंबाची वाळकी पाने, काळी धूळ आणि उंदराच्या लेंड्या! एसी लावला की ही सगळी घाण गाळून आलेली हवा आम्ही श्वासात घेत होतो. ही जाळी पुष्कळशा गाड्यांत वर्षाला किंवा १० ते १५ हजार किलोमीटरला बदलतात. धुळीच्या रस्त्यांवर त्याआधी बदलावी. एसीच्या आतल्या ओल्या भागावर बुरशी धरते आणि कुबट वास येतो. तो टाळण्यासाठी मुक्कामापूर्वी चार-पाच मिनिटे एसी बंद करून पंखा चालू ठेवावा, म्हणजे आतला ओलावा सुकतो. वास झाकण्यासाठी सुगंधी कुप्या लावू नयेत. दम्याच्या आणि अर्धशिशीच्या रुग्णांना त्या त्रास देतात आणि गाडी लागणाऱ्यांची मळमळ वाढवतात.

ट्रकच्या धुरामागे असताना आतली हवा आत फिरवणारी कळ उपयोगी पडते. पण पाच माणसांनी काचा बंद करून तासन्‌तास तशीच हवा वापरली, तर कार्बन डायऑक्साइड वाढून सर्वांना आणि चालकालाही जडपणा येतो. म्हणून अधूनमधून बाहेरची हवा आत घ्यावी.

दोन गोष्टी मात्र कधीही करू नयेत. इंजिन आणि एसी चालू ठेवून बंद जागेत गाडीत झोपू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट जोराने चिकटतो. आणि मुलाला बंद गाडीत 'दोन मिनिटांसाठी' ठेवू नये. उन्हात उभ्या गाडीतले तापमान पहिल्या अर्ध्या तासातच बहुतांशी चढते, काच बोटभर उघडी ठेवून फारसा फरक पडत नाही, आणि मुलाचे शरीर मोठ्यांपेक्षा कितीतरी लवकर तापते.

चालकाने स्वतःकडेही पाहावे. पाठ सीटला टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर पोहोचावे, पेडल पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहावा, आणि डोक्यामागच्या उशीची वरची कड डोक्याच्या टोकाइतकी उंच असावी; ती उशी विश्रांतीसाठी नसून मागून धडक बसल्यास मान वाचवण्यासाठी असते. दर दोन तासांनी थांबून चार पावले चालावे. बाबांना त्याची गरज आहे, असे म्हणून आम्ही थांबतो. खरे तर ती सर्वांनाच असते.

आता आमच्या घरी औषधांच्या डब्याशेजारी एक वही आहे. तिच्यात बाबांच्या रक्तदाबाच्या नोंदी एका बाजूला आणि गाडीच्या दुसऱ्या बाजूला: ब्रेक तेल कधी बदलले, जाळी कधी, टायर कोणत्या सालचे, बॅटरी केव्हाची. सर्व्हिसिंगच्या यादीतले काही खोडायचे झाल्यास घरातल्या दुसऱ्या माणसाला विचारून खोडावे, असा नियम आहे. गेल्या महिन्यात आम्ही पुन्हा कुंभार्ली घाट उतरलो, दुसऱ्या गिअरमध्ये. मागून येणारे हॉर्न वाजवीत होते. लेक आपल्या उंच बैठकीत पट्टा लावून बसली होती आणि आजी तिचा हात धरून होती. मांडीऐवजी हात धरणे आजीला आधी परके वाटले होते. आता त्या दोघी तशाच झोपतात.

वाचकहो, येत्या रविवारी गाडी धुताना तिच्या डॅशबोर्डातला खण उघडा, माहितीपुस्तिका बाहेर काढा आणि ब्रेकच्या तेलाची तारीख शोधा. ती सापडली नाही, तर तेच तुमचे उत्तर समजा.